मस्कतहून दोन दिवस

कंट्रोलरकाकांना अंतर किलोमीटरमध्ये विचारलेलं खपत नसे. "किलोमीटर दगडावर असतात, माणसाला वेळ लागतो," म्हणायचे. रोह्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी हयात काढली. घर मात्र पेणला, आमच्या शेजारी. रोह्याला पोचायला किती वेळ, असं कुणी विचारलं की आधी त्यांचाच प्रश्न, "उतरून जायचं कुठं?" मग पेणच्या रामवाडी स्टँडपर्यंतची चाल, नागोठण्याला ड्रायव्हरचा चहा, सगळं धरून वेळ सांगायचे. आमच्या आळीत लग्नाचा मुहूर्त भटजी काढत, वऱ्हाड निघायची वेळ काका.

मी मस्कतला नोकरीला निघालो तेव्हा ते विमानाची माहिती काढून आले. "मुंबई-मस्कत साधारण पंधराशे साठ किलोमीटर. वर दगड नसतात म्हणून सांगतो. हवेत पावणेतीन तास, घर ते घर दहा." आईचे डोळे वाहत होते. तिला म्हणाले, "वहिनी, सकाळी हाक मारलीत तर रात्री जेवायला हजर. रोह्याची शेवटची गाडी चुकलेला माणूस पण एवढा लवकर येत नाय." आई रडता रडता हसली.

ती गेली चार वर्षांनी, पहाटे. दादाचा फोन आला. "मिळेल त्या विमानाने निघतो," मी म्हणालो. साहेबांनी रजाही दिली. पण त्याच आठवड्यात फोरमन कुणाला करायचं ते ठरणार होतं, आणि मी गेलो असतो तर ती जागा दुसऱ्याला मिळाली असती. मी कामावर गेलो. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

इकडे अंगणात माणसं माझ्यासाठी खोळंबलेली. दुपारी कंपनीत काकांचा फोन आला.

"निघालास का रे?"

"नाही, काका."

"निघणार हायस?"

 त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फोन ठेवला. अंगणात जाऊन म्हणाले, "मस्कतहून यायला दोन दिवस लागतात. थांबून उपयोग नाय. उचला." काकांनी सांगितलेल्या वेळेवर कोण शंका घेणार? तेराव्याला मी आलो तेव्हा दादाच मला समजावत होता, "तू तरी काय करणार? दोन दिवसांची वाट."

त्या संध्याकाळी काकांकडे गेलो. त्यांनी चहा पुढे केला. "कुणी विचारलं तर दोन दिवस," एवढंच बोलले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

पुढे आमच्याकडची बरीच पोरं आखातात गेली. शेजारच्या जिते गावचा एकजण सकाळी मस्कतहून निघून संध्याकाळी घरी पोचला आणि मुद्दाम काकांच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "काय काका, दोन दिवस म्हणे!" काका म्हणाले, "तेव्हा लागायचे." त्यांनी शब्द फिरवला नाही. म्हातारा चळला असं लोक म्हणू लागले. हळूहळू वऱ्हाडाची वेळ विचारायलाही कुणी येईना. ते ओट्यावर बसून असत.

गेल्या वर्षी काका गेले. दहाव्याला नदीवर कुणीतरी आठवण काढली, "माणूस सोन्यासारखा, पण शेवटी डोकं चालत नव्हतं. मस्कत म्हणे दोन दिवस." सगळे हसले.

मीही हसलो. दादा शेजारीच उभा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे: काका चुकले नव्हते. मी निघालोच नव्हतो.