ही एकच व्यक्ती आहे का?

वडिलांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं आणि आईला त्यांचा जोतिबाचा फोटो मोठा करून हवा होता. दुसरा कुठलाही नको. माघात दर रविवारी ते जोतिबाला खेटे घालायचे; त्यातल्या शेवटच्या रविवारी, आई-वडील दोघं अनवाणी डोंगर चढून गेल्यावर, तिनेच तो आपल्या मोबाईलवर काढला होता. कपाळापासून गळ्यापर्यंत गुलाल, मिशासुद्धा गुलाबी, आणि वडील तोंड उघडून हसतायत. एरवी कॅमेरा दिसला की ते फौजदारापुढे उभं केल्यासारखे ताठ व्हायचे. हसणारा तो एकच फोटो.

मी म्हणालो, वर आहे, काढतो.

'वर' हा शब्द मीच तिला शिकवला होता. तिच्या मोबाईलची जागा सारखी संपायची. भजनी मंडळाच्या बायका रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि उगवते सूर्य पाठवायच्या. ऑफिसात प्रिंटर अडला की मलाच हाक मारतात, त्यामुळे या विषयातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. आई म्हणाली होती, "माझ्या मोबाईलात काय करू नगंस." मी केलंच. तिच्या आणि माझ्या मोबाईलमधले फोटो आपोआप एका ऑनलाइन सेवेवर जायचे. तिथं चेहरे ओळखून घरच्यांचे फोटो दुसऱ्या सेवेवर, वर्षाप्रमाणे. बिलं, सातबारा, आधारकार्ड तिसरीकडं. उरलेलं सगळं 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि महिन्याभरानं तेही पुसलं जायचं. वर गेलेला फोटो मोबाईलमधून आपोआप निघून जायचा. कुणी बोट लावायची गरज नाही, असं मी चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगितलं होतं.

पाच दिवस शोधत होतो. वडिलांच्या चेहऱ्याखाली पासबुकावरचे वडील होते, रेशनकार्डावरचे होते, पुतण्याच्या लग्नातले कोटातले होते, आणि मधेच तीनदा माझे काका. दुसऱ्या सेवेनं वर्ष धरलं होतं ते फोटो काढल्याचं नव्हे, तर तिथं पोचल्याचं. माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीचं बारसं गेल्या वर्षात पडलं होतं. तिसऱ्या सेवेला मी वडिलांचा नंबर दिला होता. ओटीपी तिकडं जायचा, आणि तो नंबर ते गेल्यावर मीच बंद केला होता. दोन दिवस खटपट करून आत शिरलो तर लाईटची बिलं आणि खताच्या पोत्यावरची छापील सूचना. गल्लीतल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची सगळी पोस्टरं मात्र शाबूत होती. त्यातले चेहरे सेवेनं घरचेच धरले होते ना.

आईनं वर्षभरात दोनदा विचारलं होतं, फोटो हाय न्हवं? दोन्ही वेळा मी न बघता हो म्हणालो होतो. तो घरच्या ग्रुपवर टाकायला निघाली तेव्हाही मीच अडवलं होतं. असा माखलेला चेहरा काय पाठवायचा, म्हणालो. म्हणजे दुसऱ्या कुणाकडंही तो नव्हता.

सहाव्या दिवशी, पहिल्या सेवेत काय काय घडलं त्याची यादी सापडली. तारीख बघितली आणि सगळं आठवलं. खेटे संपून चार दिवस झाले होते. मी ऑफिसच्या कामाला बसनं मलकापूरला निघालो होतो. सेवा दोन-दोन चेहरे दाखवून विचारत होती, ही एकच व्यक्ती आहे का? चित्रं नखाएवढी. प्रश्न संपत नव्हते आणि मला ते एकदाचे संपवायचे होते. एका बाजूला पांढऱ्या टोपीतला ताठ माणूस, दुसऱ्या बाजूला गुलाबी रंग थापलेला, तोंड उघडलेला. मी 'नाही' दाबलं.

तेव्हा वडील घरी जिवंत होते. त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. त्याआधीच फोटो 'इतर'मध्ये जाऊन पुसला गेला होता.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती तेव्हा सांगितलं. आधी दोष मशिनवर टाकला. गुलालामुळे त्याला चेहरा ओळखता आला नाही, म्हणालो.

"त्याला कसा वळकंल? त्यानं कुटं बगितल्यात त्यास्नी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण राहवलं नाही. म्हटलं, त्यानं मला विचारलं होतं.

तिचा हात सुपात थांबला. "तुला इचारलं?"

"हो."

"आन तू न्हाय म्हणलास."

तिनं खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा निवडायला लागली. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शेवटी पांढऱ्या टोपीतलाच फोटो शाहूपुरीत नेला. फ्रेमवाल्यानं तो उजेडात धरला. "पावणं, वडील लई कडक दिसत्यात की," म्हणाला. ते तसे नव्हते, हे त्याला काय दाखवून पटवणार होतो?

श्राद्ध उरकून पाहुणे गेल्यावर आईनं तिचा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. "ते वर जायाचं बंद कर."

बंद करणं सुरू करण्यापेक्षा किचकट निघालं. तिन्ही सेवा पुन्हा पुन्हा विचारत होत्या, तुमची खात्री आहे का, हे थांबवायचं आहे का. मी सवयीनं अंगठा पुढं नेला तर तिनं मनगट धरलं.

"वाचू दे आदी."

चष्मा लावून, शब्दाखाली बोट ठेवत, ती प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचत होती. चौथी शिकलेली बाई, वेळ लागत होता. माझा अंगठा काचेवर अधांतरी. पूर्ण वाचून, थोडा विचार करून मगच ती म्हणायची, "आता दाब."