सहा खुर्च्यांची हजेरी

रुग्णालयात दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बेचाळीस खाटांचा अख्खा वॉर्ड एका ओल्या टॉवेलने बंद पाडला.

त्याचं असं झालं. माझा एक पाय प्लॅस्टरमध्ये आणि वर टांगलेला. तो का मोडला ते विचारू नका. स्टूल डुगडुगतंय असं बायको म्हणाली होती आणि नाही असं मी म्हणालो होतो, एवढं पुरे. सकाळी अंग पुसून झालं आणि हातातला टॉवेल वाळत कुठे घालायचा हा प्रश्न पडला. उशाशी भिंतीवरून एक पांढरी दोरी छान लोंबत होती. काय सोय केली आहे लोकांनी, असं म्हणत मी टॉवेल तिला गाठ मारून लावला आणि संसारी माणसाच्या समाधानाने डोळे मिटले.

ती घंटीची दोरी होती. दारावर अकरा नंबरचा लाल दिवा लागला. टेबलावरची घंटी किरकिरायला लागली ती थांबेचना. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून एक बाई धावत आल्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, पायांत गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे, आणि छातीवर पिनेने अडकवलेलं घड्याळ त्यांच्याबरोबर उड्या मारतंय.

"काय होतंय?"

"काही नाही," मी म्हणालो, "टॉवेल वाळतोय."

त्यांनी गाठ सोडली, टॉवेलची नीट चौपदरी घडी केली आणि सत्काराची शाल ठेवावी तशी माझ्या छातीवर ठेवली.

"अडतीस नंबरची शीर तीन वेळा हुकली होती. आत्ता कुठे सापडली होती, ती सोडून आले. आता परत शोधायची. जाऊन सांगता का त्यांना?"

"माझा पाय..."

"मग मी सांगते. तुमचं नाव घेऊन."

आणि सांगितलं. अडतीस नंबर म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. पुढचे सतरा दिवस त्यांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

काहीतरी चांगलं करून ही नोंद पुसावी म्हणून दुपारी मी सिस्टरांना हळूच म्हणालो, "सिस्टर, तुमचं घड्याळ उलटं लागलंय."

"तुमच्याकडून उलटं. माझ्याकडून बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी मान खाली घालून त्यात बघितलं, माझी नाडी मोजली आणि निघून गेल्या. बाईंचं सगळं चरित्र या दोन वाक्यांत मावेल, हे मला नंतर कळलं.

त्या या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर. तोंडावर सगळे सिस्टर म्हणत, पाठीमागे 'हजेरीबाई'. हे नाव कसं पडलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी बघायला मिळालं.

वॉर्डाच्या मधोमध सिस्टरांचं टेबल होतं आणि त्याभोवती तपकिरी रेक्झिनच्या सहा खुर्च्या. सकाळी साडेसातला रात्रपाळीची सिस्टर सकाळपाळीला चार्ज देते. म्हणजे कोणत्या खाटेवर कोण, कोणाला काय चालू आहे, कोणाचं काय बघायचं, हे एकेक करून सांगायचं. घेणारीने ऐकून सही करायची. सही केली की ते रुग्ण तिचे. हे सगळं सुरू होण्याआधी हजेरीबाई रजिस्टर उघडून बसत.

"पहिली, हजर," स्वतःच म्हणत आणि लिहीत. "दुसरी?"

"हजर," शेजारच्या खुर्चीतून धाकटी म्हणे. धाकटी म्हणजे तीन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. डोळ्यांखाली काळं, पण केस असे चापूनचोपून बसवलेले की एक बटही सुट्टीवर नाही.

"तिसरी?"

खुर्ची गप्प. बाई थांबत. खरोखर थांबत, वाट बघत.

"गैरहजर. चौथी?"

असं सहावीपर्यंत. चार रिकाम्या खुर्च्या, चारदा थांबणं, चारदा गैरहजर. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना जास्त काम झालं असावं. कंडक्टर मात्र ओरडले, "सिस्टर, रिकाम्या सीटला काय विचारता?"

"तुम्ही स्टॉपवर थांबत नव्हता? तिथे कधीकधी कोणी नसायचं, तरी?"

कंडक्टरांनी मान डोलावली. धंद्यातलं बोलणं होतं.

एकदा माझ्या पायाची पट्टी सैल करताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी सहाही खुर्च्या भरलेल्या होत्या. तिसरी परदेशी गेली. चौथीला काचेच्या इमारतीतल्या मोठ्या रुग्णालयाने नेलं. पाचवी निवृत्त झाली. सहावीची पाठ गेली, ती माणसं उचलून उचलून. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मग एक दिवस भांडारातून चिठ्ठी आली की वापरात नसलेल्या चार खुर्च्या जमा कराव्यात.

"मग?"

"मी लिहून कळवलं, खुर्च्या वापरात आहेत. माणसं जमा व्हायची आहेत." त्यांनी पट्टीला चिमटा लावला. "आज खुर्ची नेतील. उद्या म्हणतील, चार जणी बसणार होत्या कुठे? पाय हलवू नका."

मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. दुसऱ्या दिवशी मी पेपर फडकवला. "सिस्टर, हे बघा. आरोग्यक्षेत्रात नोकऱ्यांची लाट, असं छापलंय. पहिल्या पानावर."

"लाट कुठपर्यंत आलीय? आमच्या जिन्यापर्यंत तरी?"

"सगळीकडे नर्सेस हव्या आहेत म्हणतात."

"हव्याच आहेत. म्हणून तर माझ्याकडे नाहीत. मी हाताखाली शिकवलेल्या पोरी चार देशांत आहेत. वाढदिवसाला फोटो पाठवतात. एकीच्या वॉर्डात म्हणे पाच खाटांना एक सिस्टर. मी तिला कळवलं, उगाच मला जळवू नकोस." मग हातातली सुई टिचकी मारून बघितली. "इकडे करा दंड. पेपर खाली."

एकवीस खाटा त्यांच्या, एकवीस धाकटीच्या. दोघी डबा उभ्याने खायच्या. म्हणजे एक घास टेबलाशी, पुढचा घास नऊ नंबरच्या सलाईनला जाऊन आल्यावर. बायको मला भेटायला आली की हे बघायची आणि माझ्याच अंगावर यायची. "पाणी हवं, उशी हवी म्हणून बाईंना बोलावू नका हं. छळायला घरी मी आहे ना." उरलेला वेळ ती शेजारच्या आजोबांना भरवायची.

धाकटीच्या खिशात एक पत्र होतं. राजीनाम्याचं. तिनेच एकदा माझं तापमान घेताना सांगितलं, थर्मामीटर तोंडात असल्याने मी मध्ये बोलू शकत नव्हतो म्हणून असेल. नव्या माणसाशिवाय हा महिना काढायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. "मोठ्या सिस्टरांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, तारीख टाकू नकोस, मला एक संधी दे." हजेरीबाईंनी कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच. धाकटी गेली तर बेचाळीस खाटा आणि एक बाई, हे हिशेब कच्चा असलेल्या मलाही कळत होतं.

आणि नेमके तेव्हाच प्रशासक साहेब आले.

साहेब वॉर्डात क्वचित येत, आणि आले की रुग्णांकडे बघून हसत, जणू आम्ही सगळे त्यांच्याच लग्नाला जमलो होतो. तिसऱ्या मजल्यावर नवा चाळीस खाटांचा विभाग रंगवून तयार होता. गुरुवारी तपासणीचं पथक येणार, सगळं नीट दिसलं की मंजुरी. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. ड्युटीचा तक्ता. आमच्या वॉर्डाच्या सकाळपाळीला सहा नावं.

"फक्त सही करायची, सिस्टर."

बाईंनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. "वर नव्या विभागात कोण काम करणार?"

"ते बघू. सध्या तुमची ही दुसरी मुलगी तात्पुरती वर घेऊ."

धाकटीचा हात खिशाकडे गेला.

"आणि मी सही नाही केली तर?"

साहेब वैतागले नाहीत. वैतागणारा माणूस परवडतो. ते मायेने म्हणाले, "तुमची चार वर्षं राहिलीत. पायांना त्रास होतो तुमच्या. खाली चादरींच्या कोठीत बसून काम आहे. मी सुचवूनच ठेवलंय."

बाईंनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"सही करीन," बाई म्हणाल्या. "या सहा जणी इथे हजर असल्या तर करीन."

"असतील," साहेब लगेच म्हणाले. इतक्या स्वस्तात काम झालं याचं त्यांनाच नवल वाटलं असावं. मलाही वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागच आला. कंडक्टर तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

गुरुवारी सकाळी सव्वासातला चार सिस्टर आल्या. वेगवेगळ्या वॉर्डांतल्या, साप्ताहिक सुट्टीवरून बोलावून आणलेल्या, त्यामुळे चेहरे असे की कोणी नमस्कार करायलाही धजावू नये. बेत साधा होता. पथक आधी आमच्याकडे येणार. ते चहाला बसलं की या चौघींनी मागच्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायचं आणि तिथे नव्या विभागाच्या सिस्टर म्हणून उभं राहायचं.

"बसा," हजेरीबाईंनी खुर्च्या दाखवल्या. "तिसरी?"

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटीने खुणावलं. "हजर," एकजण म्हणाली. चौथी हजर. पाचवी हजर. सहावी हजर. 'गैरहजर' हा शब्द त्या दिवशी उमटलाच नाही.  

मग बाईंनी रात्रपाळीच्या सिस्टरला सांगितलं, "दे चार्ज. सात-सात खाटा, सहा जणींना."

"अहो सिस्टर, आम्ही तर फक्त दाखवायला..." तिसरी पुटपुटली.

"पंधरा नंबरचं ऑपरेशन काल झालंय. ते दाखवायला झालेलं नाही. ऐक नीट आणि सही कर."

ती सिस्टर होती, शेवटी. तिने ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. बाकी तिघींनीही केली. त्यानंतर बाईंनी साहेबांच्या तक्त्यावर आपली सही केली. आता तो खरा होता.

त्या सकाळी वॉर्ड काय चालला म्हणून सांगू. माझं औषध नऊचं नऊला आलं. पंधरा नंबरला उठवून बसवलं. कंडक्टरांची शीर पहिल्या टोचणीत सापडली, त्यांनी सवयीने चार वेळा 'आई गं' म्हणायची तयारी केली होती ती वाया गेली. आणि हजेरीबाई खुर्चीत बसून, डब्यातली भाजीपोळी एका बैठकीत खात होत्या.

पथक आलं. दोन पुरुष आणि एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. त्या स्वतः कधीकाळी सिस्टर होत्या, हे त्यांनी सलाईनच्या थेंबाकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरूनच कळलं. तिघेही खूश. साहेब मंजुरी मिळाल्यासारखे हसले आणि चहाकडे हात केला. जाताजाता त्यांनी तिसरीला भुवईने जिना दाखवला.

ती जागची हलली नाही. भुवई पुन्हा उडाली. मग साहेबांना जवळ यावं लागलं.

"चला की वर," ते कुजबुजले.

"चार्ज घेतलाय, साहेब. दिल्याशिवाय उठता येत नाही." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेत एक परिपत्रक लावलेलं होतं. चार्ज न देता वॉर्ड सोडणाऱ्यावर कारवाई होईल. खाली साहेबांचीच वळणदार सही.

"मग द्या चार्ज. यांना द्या."

हजेरीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "माझ्याकडे सात खाटा आहेत. यांच्या अठ्ठावीस घेतल्या तर पस्तीस होतील. मी घेत नाही."

"तुम्ही रोज घेता ना."

हे वाक्य कुजबुजून बोलायचं राहून गेलं. चहाच्या वाटेवरून पांढऱ्या केसांच्या बाई परत आल्या.

"रोज म्हणजे?"

साहेबांनी हवापाण्याबद्दल काहीतरी सांगितलं.  हजेरीबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. पांढऱ्या केसांच्या बाई उभ्याउभ्या पानं उलटू लागल्या. मग टेबलाला टेकल्या. आठ वर्षांची पानं. तिसरी गैरहजर, चौथी गैरहजर.

"वरचा मजला बघू या," त्या शेवटी म्हणाल्या. वर चाळीस खाटा होत्या, चाळीस कोऱ्या चादरी होत्या आणि माणूस एकही नव्हतं. पथक ठरल्याच्या निम्म्या वेळात परत गेलं. चौघी मात्र दोन वाजेपर्यंत आमच्याच होत्या. पाळी संपेपर्यंत कोणाला हलता येणार नव्हतं.

पुढचं मला धाकटीकडून कळलं. नव्या विभागाची मंजुरी थांबली. चालू वॉर्डातल्या जागा भरा, मग वर चढा, असं कागदावर आलं. हजेरीबाईंनाही दोन कागद आले. एकात विचारलं होतं, कार्यालयाची अडचण का केली याचा खुलासा करावा. त्यांनी लिहिलं, 'गुरुवारी दोन वाजेपर्यंत वॉर्ड नीट चालला. कारण, सहा जणी होत्या.' दुसऱ्यात हुकूम होता, आपला चार्ज देऊन चादरींच्या कोठीत हजर व्हावं. त्याखाली त्यांनी विचारलं, 'कोणाला?' त्याचं उत्तर अजून यायचं आहे. इनचार्ज व्हायला रुग्णालयात दुसरं माणूसच नव्हतं.

दोन महिन्यांनी मी काठी टेकत तपासणीला गेलो, तेव्हा वॉर्डात डोकावलो. टेबलाशी चार खुर्च्या भरलेल्या. तिसरी आणि चौथी अगदी नव्या मुली, मान खाली घालून आपापली घड्याळं बघत होत्या. धाकटी तिथेच होती. पत्र अजून खिशात असतं म्हणाली, तारीख न टाकलेलं.

"सिस्टर," मी म्हणालो, "सहापैकी चार झाल्या. जिंकलात की तुम्ही. आता तरी ती हजेरी थांबवा." जिने चढून पाय भरून आला होता. समोर खुर्ची होती. मी टेकलो.

हजेरीबाईंनी रजिस्टरातून मानही वर केली नाही.

"उठा तिथून, पाचवी यायचीये."