अर्जात न लिहिलेली पदवी

सत्तरच्या दशकात मी आकुर्डीहून पुण्याला नोकरीसाठी बसने जात असे. माझ्या बाकाशेजारी बहुधा एकच माणूस उभा असायचा. खाकी गणवेश, तेलाने काळी पडलेली नखं, आणि माझ्या हातातल्या इंग्रजी पेपरावरून सावकाश फिरणारे डोळे. पिंपरीच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता.

एकदा मी विचारलं, "शिक्षण किती झालंय तुमचं?"

आजूबाजूला बघून तो हळूच म्हणाला, "बी. ए. पण कंपनीत कुणाला ठाऊक नाही. ऑफिसात जागा मिळेना आणि मशीनवर पदवीधर घेत नाहीत. म्हणून अर्जात नुसतं मॅट्रिक लिहिलं." त्याच्या कॉलेजपायी थोरल्या भावाने शाळा सोडून खडी फोडली होती, हेही त्याने सांगितलं.

जूनमधल्या एका सकाळी त्याच्याबरोबर धाकटी बहीण होती. तिला त्याने पुण्याच्या कॉलेजात घातलं होतं.

"तुम्हाला पदवी लपवावी लागली, तरी हिला शिकवताय?"

"नोकरीला पदवीचा उपयोग नाहीच झाला, साहेब," तो म्हणाला. "पण माझ्या बापाला गावात म्हातारपणीही सगळे अरे-तुरे करायचे. मी बी. ए. झालो तेव्हापासून पाटील मला अहो म्हणतो. हिलाही म्हणू देत."

पिंपरीला तो उतरला. मीही पदवीधर होतो, पण कुणी अहो म्हणावं म्हणून मला काही शिकावं लागलं नव्हतं.

बस सुटली तेव्हा त्याची बहीण उभीच होती. मी सरकून जागा केली आणि तिला म्हणालो, "बसा."