वेल्ह्याच्या शाळेतली वीज

बातमीदाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. माझ्याकडचे बरेचसे वेल्ह्याच्या शाळेतले. सांगताना अजूनही डोकं तापतं! तिथे विज्ञान शिकवणारे गायकवाड सर माझे कॉलेजातले मित्र, शाळेतले एकमेव बौद्ध शिक्षक. नोकरी तात्पुरती. इन्स्पेक्टर साहेबांचा शेरा चांगला आला, तरच कायम होणार.

*

जुलैत सरांनी फणी केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेली. कपटे ढिम्म!

"सर, कागद लाजतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दमट हवेत फणीवर वीज टिकत नाही. थंडीत बघू," सर म्हणाले.

हेडमास्तरांनी वहीत नोंद केली, 'शिक्षकाची फणी सदोष.'

*

थंडीत याच हेडमास्तरांनी टेरिलिनचा शर्ट घेतला. पहाटे काढताना चटचट आवाज आणि ठिणग्या!

सर म्हणाले, "कापड अंगावर घासलं की वीज साठते."

"मला शिकवू नका. मी बी.ए., बी.टी. आहे!" असं म्हणून त्यांनी शर्टावरून लिंबू उतरवलं.

*

एकदा नसरापूरला पेट्रोलचा टँकर उभा होता. टँकरवरची वीज जमिनीत जावी म्हणून मागे साखळी लोंबत असते. ड्रायव्हरनं ती वर बांधून टाकलेली! सर एसटीतून उडी मारून धावले, "अहो, साखळी सोडा! एक ठिणगी पुरे!"

"लई खडखडती, मास्तर. गाडी चालवताना झोप लागत न्हाई."

मी बातमी पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, "स्फोट झाल्यावर पाठवा."

*

जानेवारीत इन्स्पेक्टर साहेब आले. सरांनी काचेच्या बरणीला आतबाहेर चंदेरी कागद लावून, झाकणातून एक खिळा आत सोडून त्यात वीज साठवली होती.

"बाकांवर उभे राहून एकमेकांचे हात धरा," सर म्हणाले. "कोरडं लाकूड वीज जाऊ देत नाही, त्यामुळे ती जमिनीत पळणार नाही. आपल्या अंगातून जाईल. सगळे एकदम दचकतील!"

साहेब, हेडमास्तर, सरपंच ओळीनं चढले. शेवटी सर. त्यांनी सरपंचांकडे हात केला. सरपंचांनी आपल्या काठीचं टोक पुढं केलं.

"हे धरा, मास्तर."

सरांनी काठी धरली आणि दुसरा हात बरणीला लावला. पलीकडून साहेबांनी बरणीच्या खिळ्याला बोट टेकवलं.

कुणीच दचकलं नाही!

साहेब खाली उतरले, शेरेबुक उघडलं. "सांगा रे, वीज कुठं अडली?"

वर्गातले झाडून सगळे हात वर गेले.

साहेबांनी काठीकडे पाहिलं. सरपंचांकडे पाहिलं.

"हात खाली!" म्हणाले, आणि लिहिलं, 'प्रयोग फसला. शिक्षकास कायम करू नये.'