आमच्या ओट्यावरची मतं

दुकानात माल पडून राहिला की त्याची किंमत उतरते. किश्शांचं उलटं आहे. ते पडून राहतात, एकावर एक चढतात आणि शेवटी मालापेक्षा तेच जास्त होतात!

माझं नारायण पेठेत रेडिओ-टीव्हीचं दुकान. दुकान कसलं, बोळच तो! आत मी आणि दोन गिऱ्हाइकं मावलो की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. त्यासाठी दाराशी एक दगडी ओटा. आत माल विकायचा आणि ओट्यावरची मतं ऐकायची, असे दोन धंदे मी वर्षानुवर्षं केले. पहिल्यात थोडंफार सुटायचं. दुसऱ्यात फक्त डोकं जायचं.

ओट्यावर तिघं कायमचे. आपटे मास्तर, निवृत्त शिक्षक, विषय राजकारण. दातार, बँकेतून व्हीआरएस घेतलेले, विषय क्रिकेट. आणि इंगोले, अमरावतीकडचा तरुण, हिंजवडीत कॉम्प्युटरवर. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, तोवर ओट्यावर. विषय, कुठलाही.

त्यात मास्तरांना ओट्याची खरी गरज. मुलगा-सून दोघं आयटीत, आठला घराबाहेर. "घरी बोलू कोणाशी? फ्रिजशी?" म्हणायचे. गुडघे असे की घरापासून माझ्या ओट्यापर्यंतच पोचायचे. त्यापुढे पाऊल नाही.

* * *

पेपर विकत मी घ्यायचो आणि वाचायचो चौथा. तोवर मास्तरांनी लाल पेनने अग्रलेखाला मार्क दिलेले असायचे. दिल्लीत सरकार पडलं त्या सकाळी दहापैकी दोन!

मी म्हटलं, "मास्तर, एक दिवस तरी मला कोरा पेपर वाचू द्या."

"शेठ, तुमचा वेळ वाचावा म्हणून करतो. दोन मार्कांचं कशाला वाचता?"

* * *

खडकीच्या फॅक्टरीतला एक कामगार बायकोला घेऊन आला. एकवीस इंची कलर टीव्ही पसंत केला. मी खोका काढायला वळलो, तेवढ्यात ओट्यावरून दातारांनी विचारलं, "कशासाठी घेताय?"

"मॅच बघायला."

"या टीमच्या मॅच? अहो, ओपनरला आपला ऑफ-स्टंप कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि तुम्ही एकवीस इंची घेताय? आधी निम्मी टीम बदलू द्या. मग या."

माणूस गेला ना! बायकोला अवघडल्यासारखं झालं असावं, तिने जाताना एक इस्त्री घेतली.

मी दातारांवर भडकलो. तर म्हणतात कसे, "मी टीमबद्दल बोललो हो. टीव्ही उत्तमच आहे तुमचा!"

* * *

इंगोलेने एकदा निवडणुकीचा निकाल कॉम्प्युटरवर आधीच काढला. रंगीत प्रिंट घेऊन आला. मास्तर म्हणाले, असं होणार नाही. तो म्हणाला, "काय बोलून राह्यले मास्तर! डेटा आहे, डेटा!"

निकाल लागला. अगदी बरोब्बर उलटा! दुसऱ्या दिवशी तो तोंड लपवील म्हणून आम्ही वाट बघत होतो. आला, बसला, चहा मागितला.

"डेटा बरोबरच होता, काका," मला म्हणाला. "लोकच चुकून राह्यले."

* * *

कॅप्टन कोणाला करावं, यावरून मास्तर आणि दातारांचा अबोला झाला. अबोला म्हणजे गप्प बसणं, असं कोणाला वाटेल. छे! दोघं ओट्यावर हातभर अंतरावर बसायचे आणि माझ्यामार्फत भांडायचे.

"शेठ, त्यांना सांगा, कॅप्टनला डोकं लागतं."

"शेठ, त्यांना सांगा, आधी रन लागतात."

आठ दिवस हा ताप! नवव्या दिवशी मी घरी जेवायला बसलो आणि समोर वाढायला उभ्या असलेल्या बायकोकडे न बघता म्हणालो, "त्यांना सांगा, आमटीत मीठ कमी आहे."

"कोणाला?" तिने विचारलं. ते जेवण मला जन्मभर लक्षात राहील.

* * *

मास्तर पेपरला पत्रं लिहायचे. पंतप्रधानांना सल्ला, निवड समितीला सल्ला, ऑलिंपिकवाल्यांना सल्ला. एकही छापून यायचं नाही. दर वेळी एकच वाक्य, "लिहिणारे आम्ही आहोत शेठ, पण वाचतंय कोण?"

आणि एक दिवस छापून आलं! दिल्लीवर नव्हतं, क्रिकेटवर नव्हतं. पेठांमधल्या दुकानदारांनी रस्ते गिळलेत, ओटे आणि पायऱ्या सरसकट पाडा, असं होतं. खाली पूर्ण नाव, 'निवृत्त शिक्षक' वगैरे.

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही हे ओट्यावर बसून लिहिलंत!"

"शेठ, मी तत्त्वाचं बोलतोय. बुडाखाली काय आहे ते बघून माणसाने मत देऊ नये."

कात्रण माझ्याच काउंटरच्या काचेखाली लागलं. पेढेही मीच आणले.

* * *

वर्षभराने महापालिकेची रस्तारुंदीची नोटीस आली. ओटा जाणार. हरकत असेल तर लेखी द्या, सुनावणीला या.

हरकत मास्तरांनी लिहिली. मी सांगत होतो, एक पान पुरे. चौदा पानं झाली! त्यात केंद्र सरकार आलं, दातारांच्या आग्रहाने मधली फळी आली. इंगोलेने टाइप केली आणि शेवटच्या दिवशी मी धावत जाऊन देऊन आलो.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दातार मॅच सोडून आले होते, इंगोलेने सुट्टी घेतली होती. दोघांनी दोन बाजूंनी धरून मास्तरांना एकेक पायरी चढवलं.

साहेब तरुण होता, सभ्य होता. "चौदा पानं राहू द्या, तोंडी सांगा," म्हणाला.

आणि मास्तर बोलले! दिल्ली नाही, कॅप्टन नाही. "साहेब, माझं घर दिवसभर रिकामं असतं. या ओट्यावर मला तीन माणसं भेटतात. तो गेला तर यांचं काही अडणार नाही. माझं मात्र बोलणं बंद होईल."

दातार खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबाने पेन खाली ठेवलं.

"पटतंय मला, आजोबा. पण माझे हात बांधलेत. खुद्द नागरिकांचीच मागणी आहे," असं म्हणून त्याने फाइल उघडून मास्तरांपुढे सरकवली. पहिल्याच पानावर एक कात्रण चिकटवलेलं. लांबूनही मी ओळखलं. माझ्या काचेखाली तेच होतं.

मास्तरांनी चष्मा लावला. सगळं वाचलं, नावासकट. मी खुर्ची पुढे ओढून ठेवली, म्हटलं, हा माणूस आता कोसळणार.

मास्तरांनी मान वर केली. डोळे भरलेले, पण चेहरा असा उजळलेला की पेढ्यांच्या दिवशीही तसा नव्हता.

"शेठ," माझा हात घट्ट धरून म्हणाले, "वाचलं हो! खाली लाल रेघसुद्धा मारलीय!"