बिल्ल्याची मागची बाजू घासू नका, हात जोडतो!

मंडळी, डोकं फिरलंय. लोह्याहून नांदेडला परतताना बसमध्येच हे लिहून राहिलो.

जुने राजकीय बिल्ले कुणी बनवले ते शोधायचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहे. लोह्याच्या एका काकांकडे निजामाच्या काळातला, सत्याग्रहींचा पितळी बिल्ला आहे. त्यांनी पाठवलेल्या फोटोत मागं बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं दिसत होतं, पण पुसट. म्हणलं, भिंग घेऊन स्वतःच जावं.

काकांनी बिल्ला हातावर ठेवला. आरशासारखा लख्ख, आणि मागून साफ सपाट!

"काका, नाव कुठाय?"

"लई मळ होता हो. तुम्ही वाचायला येणार म्हणून मशीनवर पॉलिश करून आणला. आता दिसंल की नीट!"

काकू पोहे घेऊन उभ्या होत्या. भिंग पिशवीत टाकलं आणि खाल्ले.

बिल्ला छातीवर लावणाऱ्यांची नावं गावातल्या स्मृतिस्तंभावर आहेत. असल्या बिल्ल्यांवर बंदी असताना तो बनवणाऱ्याचं नाव तेवढ्या एकाच जागी होतं.

तुमच्या घरात असा बिल्ला असेल तर आजच, आहे तसा मळकट, उलटा करून फोटो काढाल का? आणि मी येणार म्हणून आवरायचंच असेल तर घर आवरा हो, बिल्ला राहू द्या.