सांडव्यातली पोती

गणपतराव सांडव्यात रचलेल्या पोत्यांवर मांडी घालून बसले होते आणि काही केल्या उठायला तयार नव्हते. मागे बांधाला पाणी टेकलेलं. वर आभाळ काळंकुट्ट. आणि मी चिखलात उभा राहून ओरडत होतो. माझा आवाज तसाही मोठा. नोकरीभर त्यापायी बोलणी खाल्ली.

"गणपतराव, उठा हो! बांध फुटला तर पहिलं शेत तुमचंच जाईल!"

"फुटत न्हाई सायेब. म्या सोता बैलं लावून माती दाबलीय त्याची. एवढा कच्चा न्हाई तो."

आता यांना काय सांगायचं!

मी जलसंधारण खात्यात इंजिनिअर होतो. आता रिटायर होऊन जुन्या जालन्यात राहतो. ही गोष्ट वाटूरपासून आतल्या एका गावातली. मातीचा नालाबांध म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाल्याला आडवी मातीची भिंत घालायची. पाणी थांबतं, मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. पण या भिंतीच्या माथ्यावरून पाणी कधीही जाऊ द्यायचं नसतं. एकदा का वरून धार लागली, की माती गुळासारखी विरघळते. म्हणून एका कडेला भिंतीपेक्षा खाली एक वाट सोडतात. तो सांडवा. जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं आणि पुढे परत नाल्याला लागतं. भिंतीचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. सांडव्याचा फोटो कुणी काढलेला मी तरी पाहिला नाही.

बांध झाल्यावर खालचा नाला कोरडा पडला. गणपतरावांचं रान त्या नाल्याच्या दोन्ही अंगाला. मधली कोरडी जागा बघून त्यांचा हात शिवशिवला. त्यांनी नाला सपाट केला, नांगरला आणि कापूस लावला. असं फक्त त्यांनीच केलं असं नाही. आमच्या भागात नाला दोन वर्षं वाहिला नाही की त्याचं रान होतं. त्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला. सांडवा वाहायला लागला तर पाणी थेट कापसात जाणार. मग त्यांनी पोत्यांत माती भरली आणि सांडवाच बुजवून टाकला.

सकाळी समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला म्हणून मी धावत आलो होतो. पाणलोट समिती म्हणजे गावातल्याच शेतकऱ्यांची कमिटी. कुठे बांध घालायचा, कुठे चर खोदायचे, हे ती ठरवते. अध्यक्ष द्वारकाबाई. स्वतः कसणाऱ्या. बांधबंदिस्तीला गावात कुणी जमीन द्यायला तयार नव्हतं, तेव्हा "आधी माझ्या रानात घाला, मंग बगू कोन न्हाई म्हनतं" असं म्हणून त्यांनी काम सुरू करून दिलं होतं. गणपतराव त्यांचे चुलत दीर.

मी वरिष्ठांना फोन लावला.

"सर, सांडवा बंद आहे. पाणी माथ्याच्या जवळ आलंय. संध्याकाळी जोरदार पावसाचा अंदाज आहे."

"फोटो पाठवा."

"सर, फोटोनं पाणी उतरणार नाही."

"चिडू नका हो. पोलिस बंदोबस्त मागवू का?"

"मागवा. पण तो उद्या येईल. पाऊस आजच येतोय."

फोन ठेवला आणि खाली नजर गेली. गणपतरावांच्या शेतापलीकडे, उतारालाच, शेतवस्ती होती. चार-पाच घरं, गोठे, एका दारात बाज टाकून बसलेली म्हातारी. बांध फुटला तर पाण्याचा लोंढा आधी गणपतरावांची काळी माती खरवडून नेणार, मग त्या घरांत शिरणार. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आणि मी घाबरलो की आणखी जोरात ओरडतो.

"तुमचा कापूस महत्त्वाचा, का ती माणसं?"

"दोन्ही," गणपतराव शांतपणे म्हणाले. "तुमचा पगार चालू ऱ्हातो सायेब. माझा पगार म्हंजी ह्यो फुटलेला कापूसच."

तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. मागे बचतगटाच्या बायका, त्यांच्या मागे बांधाच्या आजूबाजूचे विहीरवाले शेतकरी. मला वाटलं, आता बाई दिराला झापणार. त्यांनी आधी मलाच थांबवलं.

"सायेब, जरा दम धरा. वरडून वरडून तुमचीच तब्येत बिघडंल." मग त्या विहीरवाल्यांकडे वळल्या. "पोती भाऊजींनी टाकली. बराबर हाय, चुकलं त्यांचं. पन त्या पोत्यांनी अडलेलं पानी कुनाच्या हिरीत आलं? पयलं माझ्याच. पोती मला दिसत न्हवती का? तुमाला दिसत न्हवती? समद्यांना दिसत व्हती. हिरी भरून राह्यल्या म्हनून आपुन गप बसलो."

एक जण पुटपुटला, "पन नाला तं त्यांनीच नांगरला ना वैनी."

"नांगरत व्हते तवा तुमी आडवे गेल्ते का? मी तं न्हाई गेले."

बाईंनी पदर कमरेला खोचला.

"मंग आता नुसकान एकट्या भाऊजींचंच का? आयका माझं. आत्ता जेवढा कापूस फुटलाय तेवढा समद्या बाया जल्दी वेचून काढू. तो भाऊजींच्या घरी जाईल. जो हिरवा राहील तो पान्यात जाईल. त्याच्या बदल्यात ज्याच्या ज्याच्या हिरीला पानी आलं, त्यानं आपल्या कापसाचे दोन दोन तास भाऊजींना द्यायचे. सुरुवात माझ्यापासून."

तास म्हणजे पिकाची ओळ. असा ठराव आमच्या कुठल्याच जीआरमध्ये बसत नाही.

द्वारकाबाईंचं रान सांडव्याला लागूनच होतं. त्या तरातरा तिथे गेल्या. डोक्याला बांधलेलं जुनं फडकं सोडलं, टरकावलं, आणि रानाच्या कडेला, धुऱ्याजवळच्या दोन ओळींच्या टोकाला एकेक चिंधी बांधली. साध्या ओळी नव्हत्या त्या, रानातल्या सगळ्यात भारी ओळी होत्या. बोंडांनी वाकलेल्या. गणपतराव पोत्यांवरून बघत होते. मघाशी पुटपुटलेला माणूस खाली मान घालून आपल्या रानाकडे निघाला आणि जाता जाता म्हणाला, "माझ्याबी दोन धरा."

गणपतराव उठले. धोतराचा चिखल झटकला.

"वैनी, वेचाया माझ्या घरचीबी बोलावतो," एवढंच म्हणाले.

मग जी काय धांदल उडाली! बायका ओटी बांधून कापसात शिरल्या. इकडे मी पुरुषांना घेऊन सांडव्यावर. "एकदम काढू नका रे! वरचा थर आधी!" कारण सगळी पोती एकाच वेळी ओढली तर पाण्याची धार सांडवाच उखडून नेते. वेचणी संपल्यावर वरचा थर काढला. पाणी निघालं, पण सावकाश. ते उतरलं की दुसरा थर. शेवटचं पोतं गणपतरावांनी स्वतः ओढलं. पाणी त्यांच्या हिरव्या कापसात पसरत गेलं. ते पाठमोरे उभे राहिले, बघितलं नाही. मलाही बघवलं नाही.

दिवेलागणीला पाऊस आला. दणकून आला. वस्तीतली माणसं आम्ही आधीच शाळेत हलवली होती. मीही तिथेच पथारी टाकली, पण झोप कसली येते!

फटफटलं तसे गणपतराव, द्वारकाबाई आणि मी बांधावर गेलो. बांध जागच्या जागी होता. पाण्याने रात्रभर आणलेला काडीकचरा भिंतीला चिकटून एक रेघ झाली होती, माथ्याच्या फक्त वीतभर खाली. सांडवा दुथडी वाहत होता. खाली वस्तीतली घरं तशीच, गोठे तसेच. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या चिखलातच मटकन बसलो आणि वेड्यासारखा हसायला लागलो.

गणपतरावांनी ती रेघ बोटाने दाखवली. "सायेब, पोती असती तं?"

"तर आपण तिघं इथे उभे नसतो. उभं राहायला जागाच नसती."

त्यांनी हात जोडले. मला नाही, द्वारकाबाईंना. बाई म्हणाल्या, "बास झालं भाऊजी. चहा घ्यायला चला. आन सायबांना उठवा आधी, बसूनच राह्यलेत."

पुढे ऊन पडल्यावर गणपतरावांच्या घरच्यांनी प्रत्येकाच्या रानातले चिंधीवाले तास वेचून नेले. कुणी खळखळ केली नाही. नाला पुन्हा मोकळा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात गणपतराव समितीत आले. त्यांनी काम मागून घेतलं ते सांडव्याचं. परवा गेलो होतो, तर सांडव्यात कुणाची तरी बाभळीची फांदी पडली होती म्हणून त्यांनी अर्धं गाव डोक्यावर घेतलं होतं. आवाजात मला मागे टाकलं त्यांनी.

मीही तेव्हापासून एक पद्धत लावून घेतली होती. बांधाची नवी साइट बघायला गेलो, की नकाशा उघडण्याआधी दोन घरी चहा घ्यायचा. एक, ज्याच्या विहिरीला पाणी येणार त्याच्याकडे. दुसरा, ज्याच्या रानातून सांडव्याचं पाणी जाणार त्याच्याकडे. पहिल्याकडे चहा गोड मिळतो. पण आधी जायचं ते दुसऱ्याकडे.